यादी साफ करणाऱ्या टूलच्या नोंदी: मेथडमध्ये बदललेली स्ट्रिंग बाहेर बदलतच नव्हती

3 जून

काम असं आहे. एका जुन्या सिस्टिममधून काढलेली सीएसव्ही फाईल आहे, साधारण 4 लाख ओळी, प्रत्येक ओळीत नाव, ईमेल, फोन आणि पत्ता. नवीन डेटाबेसमध्ये टाकायच्या आधी ती साफ करायची, म्हणजे मागच्यापुढच्या स्पेस काढायच्या, ईमेल लोअरकेस करायचा, फोनमधले डॅश आणि टिंबं काढायची आणि मग डुप्लिकेट गाळायचे. जावा 17 मध्ये लिहितेय. असंच काम दुसऱ्या कुणाला करायचं असेल तर माझा गेलेला वेळ तरी वाचावा म्हणून रोजच्या रोज लिहून ठेवतेय. कोडच्या ओळी देवनागरीतच टाकल्यात, नावं ऐकून ओळखीची वाटतील.

आज 3 तास. प्रत्येक कॉलमसाठी एक मेथड केली: नावसाफ, ईमेलसाफ, फोनसाफ. सगळ्या व्हॉइड, म्हणजे काहीच परत न देणाऱ्या. वरून वाचताना छान दिसतं, एकाखाली एक नुसते कॉल.

व्हॉइड नावसाफ(स्ट्रिंग नाव) {
  नाव = नाव.ट्रिम();
  नाव = नाव.रिप्लेस("\टॅब", " ");
}

(स्ट्रिंग म्हणजे मजकूर. टॅबसाठी खऱ्या कोडमध्ये अर्थातच नेहमीचं चिन्ह आहे.) टेस्ट लिहिल्या, सगळ्या हिरव्या. 10 ओळींची नमुना फाईल हाताने टाइप केली होती.

4 जून

पहिल्या 500 ओळी टेस्ट डेटाबेसमध्ये टाकून पाहिल्या. एकही स्पेस गेलेली नाही. ईमेल जसेच्या तसे, फोनमधले डॅश तसेच, त्यामुळे डुप्लिकेटही गळले नाहीत.

मला लगेच एन्कोडिंगचा संशय आला, कारण आधीच्या एका कामात त्यानेच छळलं होतं. फाईल हेक्समध्ये उघडली तर सुरुवातीला खरंच बीओएमचे (फाईलच्या आरंभी एन्कोडिंगची खूण म्हणून असलेले) 3 बाइट होते! मग काय, सापडलं चोर असं वाटून रीडर बदलला, बीओएम गाळायचा कोड लिहिला, परत चालवलं, तरी तेच. मग सीएसव्ही तोडणाऱ्या कोडकडे वळले, कोट्समधले कॉमा नीट तुटतायत का ते तपासलं, ते नीटच तुटत होते. बीओएम हा पहिल्या ओळीच्या पहिल्या कप्प्यापुरताच त्रास असतो, तो 500 ओळींमधल्या स्पेस कशाला राखून ठेवेल, हा साधा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. 5 तास गेले. बीओएम गाळायचा कोड मात्र ठेवलाय, तो कधीतरी लागणारच होता.

5 जून

आज सापडलं, आणि कसं सापडलं ते सविस्तर लिहिते, कारण मध्ये एक चकवा लागला.

आधी मेथडच्या शेवटी प्रिंट टाकला, नावाच्या दोन्ही बाजूंना चौकोनी कंस लावून म्हणजे स्पेस दिसतील. आत एकदम स्वच्छ. मग कॉलच्या लगेच खालच्या ओळीत तसाच प्रिंट टाकला. तिथे स्पेस परत हजर. म्हणजे फाईलचा, रीडरचा काही संबंध नाही, जे होतंय ते मेथडच्या दारात होतंय.

मग सिस्टिम.आयडेंटिटीहॅशकोड वापरून चार ठिकाणी आकडा छापला: कॉलच्या आधी, मेथडमध्ये शिरल्या शिरल्या, ट्रिमनंतर, आणि बाहेर आल्यावर. हा आकडा ऑब्जेक्टची ओळख म्हणून तपासाला पुरतो. पहिल्या ओळीवर थांबून बघितलं तर चारही आकडे सारखे! मी गोंधळले, म्हणजे एकच ऑब्जेक्ट सगळीकडे फिरतोय आणि तरी आत एक दिसतं, बाहेर एक दिसतं? अर्धा तास याच्यातच. मग लक्षात आलं की पहिल्या ओळीतलं नाव मुळातच स्वच्छ होतं, आणि काढायला काही नसेल तर ट्रिम नवीन स्ट्रिंग बनवत नाही, तीच परत देतो. स्पेस असलेली ओळ शोधून तिच्यावर चालवलं तेव्हा चित्र स्पष्ट झालं: पहिले दोन आकडे सारखे, तिसरा वेगळा, चौथा परत पहिल्यासारखा.

यातून जे कळलं ते असं. मेथडला स्ट्रिंग देताना जावा आख्ख्या मजकुराची कॉपी करत नाही, म्हणून पहिले दोन आकडे सारखे. पण माझं व्हेरिएबलही देत नाही, देतो ती फक्त त्या ऑब्जेक्टच्या रेफरन्सची, म्हणजे तो कुठे आहे हे दाखवणाऱ्या खुणेची, कॉपी. ट्रिम जुन्या स्ट्रिंगला हात लावत नाही, लावूच शकत नाही, तो नवीन स्ट्रिंग बनवून देतो, म्हणून तिसरा आकडा वेगळा. ती नवीन स्ट्रिंग मी मेथडच्या आतल्या 'नाव' मध्ये ठेवली, मेथड संपली, आतलं 'नाव' गेलं आणि साफ केलेलं नावही गेलं. बाहेरचं 'नाव' जिथे होतं तिथेच बघत राहिलं, म्हणून चौथा आकडा पहिल्यासारखा. दोन्हीकडे व्हेरिएबलला 'नाव' हेच नाव दिल्यामुळे वाचताना ते एकच वाटत होतं. पॅरामीटरचं नाव 'कच्चंनाव' असं वेगळं ठेवलं असतं तर बहुतेक पहिल्याच दिवशी शंका आली असती.

टीममधल्या सीनियर ताईंना स्क्रीन दाखवली तर त्यांनी एवढंच विचारलं, "अगं, पण ट्रिमने परत दिलेलं तू बाहेर आणलंस कुठे?" त्यांना दहा सेकंदांत दिसलं. मी दीड दिवस मेथडच्या आत बघत होते.

6 जून

दुरुस्ती. सगळ्या व्हॉइड मेथड स्ट्रिंग परत देणाऱ्या केल्या आणि कॉल करताना परत आलेलं पकडलं.

नाव = नावसाफ(नाव);

पॅरामीटरना फायनल लावलं. त्याने स्ट्रिंग जास्त सुरक्षित होत नाही, ती आधीच आहे, पण चुकून पॅरामीटरलाच नवीन किंमत दिली तर कंपायलर तिथेच अडवतो. हे पहिल्या दिवशी असतं तर कोड कंपाइलच झाला नसता.

एवढं करूनही दोन ठिकाणं राहिली होती, तिथे नुसतं

ईमेल.टूलोअरकेस();

अशी एकटी ओळ होती. जावाचा कंपायलर याबद्दल काहीही बोलत नाही, त्याच्या दृष्टीने तो एक वैध कॉल आहे. एडिटर मात्र पिवळी रेघ मारत होता की निकाल वापरलाच नाहीये. मी आधीच्या प्रोजेक्टमध्ये खूप वॉर्निंग येतात म्हणून तो गट बंद केला होता, आज परत चालू केला. स्पॉटबग्ज या चुका शोधणाऱ्या टूलमध्येही यासाठी तपासणी आहे, ती बिल्डमध्ये टाकली.

टेस्टही सुधारल्या. जुन्या टेस्ट काय तपासत होत्या? ओळींची संख्या बरोबर आहे का आणि एक्सेप्शन येतं का. आणि नमुन्यातलं एकही नाव मळलेलं नव्हतं! साफ करणाऱ्या कोडला साफ डेटा देऊन मी तो चालतो असं म्हणत होते. आता प्रत्येक टेस्टमध्ये आधी मळकी किंमत, मग अपेक्षित किंमत. वेळ 4 तास.

7 जून

फोनसाफला दोन गोष्टी परत द्यायच्या होत्या, नंबर आणि एक्स्टेन्शन. आधी एका कप्प्याची अ‍ॅरे पाठवून तिच्यात एक्स्टेन्शन लिहायची युक्ती केली. चालते, पण दोन दिवसांनी वाचताना मलाच कळली नसती, म्हणून काढून टाकली. छोटा रेकॉर्ड (काही किंमती एकत्र ठेवणारा साधा प्रकार) केला, फोननिकाल(नंबर, एक्स्टेन्शन), आणि तो परत दिला. रेकॉर्ड जावा 16 पासून पक्के झालेत, त्याआधीच्या आवृत्तीवर असाल तर साधा क्लास करा.

याच मेथडमध्ये अजून एक. टिंबं काढायला रिप्लेसऑल(".", "") लिहिलं होतं आणि सगळे फोन रिकामे झाले. रिप्लेसऑल रेग्युलर एक्स्प्रेशन घेतो आणि तिथे टिंब म्हणजे कुठलंही अक्षर. साधा रिप्लेससुद्धा सगळीकडे बदलतो, फक्त पहिलं नाही, नावावरून उलट वाटतं. साधा वापरा.

9 जून

आज मी चुकीच्या रस्त्याला लागले. डोक्यात असं आलं की प्रत्येक पायरीला नवीन स्ट्रिंग तयार होतेय, 4 लाख ओळी, प्रत्येकी 4 कप्पे, प्रत्येकावर 2–3 क्रिया, केवढे ऑब्जेक्ट! त्यापेक्षा स्ट्रिंगबिल्डर वापरू, तो जागच्या जागी बदलतो, मेथडला दिला की आतला बदल बाहेर दिसतो, परत काही द्यायलाच नको. परत पहिल्या दिवसाच्या व्हॉइड मेथड मिळणार याचा मला आनंदच झाला होता. मोजलं काहीच नव्हतं, नुसतं वाटलं होतं.

सगळं बदललं. एकच स्ट्रिंगबिल्डर घेतला, प्रत्येक ओळीला सेटलेंग्थ(0) करून रिकामा करायचा, नवीन ओळ भरायची, साफ करायची, यादीत टाकायचा.

चालवलं तर यादीत 4 लाख नोंदी आणि सगळ्या हुबेहूब सारख्या, फाईलची शेवटची ओळ. साहजिक आहे, यादीत मी 4 लाख वेळा तोच एक ऑब्जेक्ट टाकला होता.

बरं, मग प्रत्येक ओळीला वेगळा स्ट्रिंगबिल्डर केला. आता ओळी वेगवेगळ्या आल्या पण डुप्लिकेट एकही गळेना. हॅशसेटमध्ये (सारखी गोष्ट एकदाच ठेवणाऱ्या संचात) स्ट्रिंगबिल्डर टाकत होते, आणि स्ट्रिंगबिल्डर मजकुरावरून इक्वल्स आणि हॅशकोड ठरवत नाही, ऑब्जेक्ट तोच असेल तरच सारखा मानतो. एकच ईमेल असलेले दोन बिल्डर त्याला दोन वेगळ्या गोष्टी वाटतात.

11 जून

दुपारपर्यंत बिल्डरला चिकटून राहिले, मग सोडलं. गिटमधून 7 तारखेचा कोड परत आणला.

सोडण्याचं कारण डुप्लिकेट नव्हे, ते टूस्ट्रिंग करून सुटलं असतं. कारण हे की बिल्डरवाल्या कोडमध्ये कुठलीही मेथड वाचताना मला भरवसा वाटेना. तपासणीसाठी ईमेल एका मेथडला दिला, तिने डोमेन तोडून पाहण्यासाठी बिल्डरवर डिलीट चालवलं, आणि बाहेरचा ईमेल अर्धा झाला. मेथडचं नाव होतं ईमेलबरोबरआहेका. नुसतं विचारायला गेले आणि डेटा कापून आला! स्ट्रिंग असती तर तिने आत काहीही केलं असतं तरी माझ्या ईमेलचं एक अक्षर हललं नसतं. ज्या गोष्टीने मला पहिल्या आठवड्यात अडवलं तीच गोष्ट इथे मला सांभाळत होती, हे मला हा घोळ करूनच कळलं.

फाईलचं नाव, डेटाबेसचा यूआरएल, मॅपची की, या सगळ्या जागी स्ट्रिंग बिनधास्त वापरता येते ती याचमुळे. आधी तपासलेलं नाव आणि नंतर उघडलेली फाईल यांच्यामध्ये कुणी नाव बदलू शकत नाही. स्ट्रिंग आपला हॅशसुद्धा एकदा काढला की आतच जपून ठेवते, बदलायचीच नसल्यामुळे तो परत काढावा लागत नाही. स्ट्रिंग क्लास फायनलही आहे, म्हणजे कुणी त्याच्यावरून बदलता येणारी स्ट्रिंग तयार करून तुमच्या मेथडला देऊ शकत नाही.

आणि वेग? जुना कोड घड्याळ लावून चालवला. साफ करायची पायरी, सगळ्या 4 लाख ओळी, 2 सेकंदांच्या आत. ज्याची मला काळजी होती तो प्रश्नच नव्हता. आधी मोजलं असतं तर हे दोन दिवस वाचले असते.

12 जून

अ‍ॅरेची गंमत वेगळी आहे, आणि इथे माणूस दोन्ही बाजूंनी फसू शकतो. ओळ तोडल्यावर कप्प्यांची स्ट्रिंग अ‍ॅरे मिळते. आधी असं लिहिलं:

फॉर (स्ट्रिंग कप्पा : कप्पे) {
  कप्पा = कप्पा.स्ट्रिप();
}

काहीच बदलत नाही. 'कप्पा' हे लूपचं स्वतःचं व्हेरिएबल आहे, 5 तारखेचाच प्रकार, फक्त मेथडच्या जागी लूप. इंडेक्स घेऊन लिहिलं की बदलतं:

कप्पे[आय] = कप्पे[आय].स्ट्रिप();

आणि हा बदल मेथडच्या बाहेरही दिसतो, कारण अ‍ॅरे बदलता येते, तिच्यातली स्ट्रिंग नाही. मी खूश झाले आणि तासाभराने दुसरा प्रश्न उभा राहिला. चुकीच्या ओळींच्या रिपोर्टमध्ये मूळ, जशी फाईलमध्ये होती तशी ओळ छापायची होती, आणि रिपोर्टमध्ये साफ केलेलीच येत होती. मूळ मीच पुसून टाकली होती. मेथडच्या पहिल्या ओळीत कप्पे.क्लोन() केलं आणि ती नवीन अ‍ॅरे परत दिली. क्लोन फक्त वरवरचा असतो, आतले ऑब्जेक्ट कॉपी करत नाही, पण आत स्ट्रिंग असल्यावर वरवरचा पुरतो, कारण आतलं कुणी बदलूच शकत नाही.

यादीसाठी: यादी.फॉरईच मध्ये नुसता स्ट्रिप कॉल केला तर वाया जातो. यादी.रिप्लेसऑल(स्ट्रिंग::स्ट्रिप) चालतं, कारण परत आलेली किंमत ती स्वतः जागेवर ठेवते. यादी लिस्ट.ऑफ ने बनवलेली असेल तर मात्र एक्सेप्शन येतं, ती यादीच बदलता येत नाही.

13 जून

छोटी नोंद, पण 2 तास खाल्ले. देशाचा कोड तपासताना दोन बरोबरची चिन्हं वापरली होती. टेस्टमध्ये चाललं, फाईलवर एकही ओळ जुळेना. टेस्टमध्ये दोन्ही बाजूंना कोडात लिहिलेल्या स्ट्रिंग होत्या आणि तशा सारख्या स्ट्रिंग जावा पूलमध्ये एकच ठेवतो, म्हणून रेफरन्स जुळला. फाईलमधून वाचलेली स्ट्रिंग वेगळा ऑब्जेक्ट असते, मजकूर तोच असला तरी. इक्वल्स लावलं, झालं. एका ठिकाणी स्विच होता तो आधीपासून बरोबर चालत होता, तो आतून इक्वल्सच वापरतो. इंटर्न करून, म्हणजे स्ट्रिंग मुद्दाम त्याच पूलमध्ये टाकून, रेफरन्स जुळवायचा सल्ला कुणी देईल, तो या कामात घेऊ नका, एक विसरलेली जागा परत तेच दुखणं देते.

14 जून

शेवटी सगळ्या ओळी जोडून एक मोठा मजकूर बनवायचा आणि फाईलमध्ये लिहायचा, असं केलं होतं. लूपमध्ये अधिक-बरोबर. हजार ओळींवर कळतही नव्हतं, पूर्ण फाईलवर 20 मिनिटं वाट बघून बंद केलं.

कागदावर हिशोब केला. ओळ सरासरी 80 अक्षरांची, एकूण मजकूर 3.2 कोटी अक्षरं. प्रत्येक वेळी आतापर्यंतचा सगळा मजकूर नवीन स्ट्रिंगमध्ये कॉपी होतो, सरासरी 1.6 कोटी अक्षरं, असं 4 लाख वेळा. म्हणजे 6.4 लाख कोटी अक्षरांची कॉपी! जावा 9 पासून स्ट्रिंग जोडणं आतून सुधारलंय, पण ते एका ओळीतल्या जोडण्यापुरतं, लूपच्या फेऱ्यांमधली ही कॉपी त्याने वाचत नाही.

इथे स्ट्रिंगबिल्डर बरोबर बसला. मेथडच्या आतच तयार होतो, आतच भरतो, शेवटी टूस्ट्रिंग करून स्ट्रिंग बाहेर जाते आणि बिल्डर बाहेर कुणाला दिसतही नाही. एका सेकंदाच्या आत. नंतर तेही काढलं आणि ओळ तयार झाली की सरळ रायटरला दिली, एवढा मजकूर मेमरीत धरायची गरजच नव्हती.

16 जून

जवळपास 3 हजार नावांच्या शेवटी अजून स्पेस. एका क्षणाला वाटलं परत कुठेतरी निकाल पकडायचा राहिला, सगळे कॉल तपासले, सगळे बरोबर. मग शेवटच्या अक्षराचा आकडा छापला: 160. ही न तुटणारी स्पेस, वेब पेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात हमखास असते. ट्रिम 32 पर्यंतचीच अक्षरं काढतो. स्ट्रिप जावा 11 मध्ये आला, तो युनिकोडच्या बऱ्याच स्पेस काढतो पण नेमकी हीच सोडतो, कारण जावा हिला व्हाइटस्पेस मानत नाही. आधी 160 च्या जागी साधी स्पेस, मग स्ट्रिप, असा क्रम ठेवला. उलट क्रमाने केलं तर शेवटी साधी स्पेस उरते, तेही करून झालं.

17 जून

पूर्ण फाईल टेस्ट डेटाबेसमध्ये गेली. स्पेस शिल्लक असलेली एकही ओळ नाही, ईमेल सगळे लोअरकेस, डुप्लिकेट गळले, चुकीच्या ओळींच्या रिपोर्टमध्ये मूळ मजकूर जसाच्या तसा.

दुसऱ्या भाषेत करणाऱ्यांसाठी, टीममध्ये विचारलं गेलं म्हणून लिहिते. पायथन, जावास्क्रिप्ट, सी शार्प या तिन्हींतही स्ट्रिंग बदलत नाही, तिथेही परत आलेलं पकडावंच लागतं. सी शार्पमध्ये पॅरामीटरला रेफ लावलं तर बाहेरचं व्हेरिएबलच बदलता येतं, पण स्ट्रिंग तीच राहते, व्हेरिएबल नवीन स्ट्रिंगकडे बघायला लागतं एवढंच. सी प्लस प्लसमध्ये स्ट्रिंग बदलता येते, नुसती पास केली तर मजकुराची कॉपी जाते आणि अँपरसँड लावून घेतली तर आतला बदल बाहेर दिसतो. रूबीमध्ये सहसा बदलते, तिथे उद्गारचिन्हवाला स्ट्रिप जागच्या जागी काम करतो, त्यामुळे रूबीतून जावात येणाऱ्याला माझी पहिल्या दिवसाची चूक फार सहज होईल.

एकूण वेळ साधारण 42 तास. त्यातले 5 बीओएमच्या मागे, 13 स्ट्रिंगबिल्डरच्या वळणावर. अजून पत्त्याचे कप्पे तोडायचेत, ते पुढच्या आठवड्यात. पत्तासाफ मेथड आजच लिहून ठेवलीये, पॅरामीटरचं नाव कच्चापत्ता, आणि ती स्ट्रिंग परत देते.